जत्रा उठल्यावरचं मैदान

यंदाच्या अंकासाठी ‘सर्वांची जागा’ हा विषय ठरला तेव्हा संपादकांनी मला विचारलं, तुमच्या अमेरिकेत अशी कुठली जागा आहे? बागा, वाचनालयं, समुद्रकिनारे ही उत्तरं पटकन सुचतात. मी मात्र कॅलिफोर्नियातल्या काउंटी फेअरच्या मैदानांवर जायचं ठरवलं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि काउंटी फेअर म्हणजे त्या जिल्ह्याची वर्षातून एकदा भरणारी जत्रा. तिथे देव नाही, पालखी नाही. पण गुरं आहेत, पाळणे आहेत, लोणच्या-मुरंब्यांच्या आणि गोधड्यांच्या स्पर्धा आहेत, आणि तळणीचा वास वाहनतळापासूनच यायला लागतो.

हीच जागा का, तर तिच्या कारभारात एक मूळचाच पेच आहे. बागेला नगरपालिकेच्या तिजोरीचा आधार असतो, वाचनालयाला कराचा. जत्रेच्या मैदानाची जमीन सार्वजनिक असते, पण खर्चाचा बहुतेक भाग मैदानानेच कमवायचा असतो. कमवायचं तर ते भाड्याने द्यावं लागतं, आणि भाड्याने देताना ते सर्वांचं राहील हेही बघावं लागतं. जत्रा तीन-चार आठवड्यांत उठते. उरलेले अकरा महिने हे मैदान कोण सांभाळतं आणि कुणाला विचारून, हे बघायला मी निघाले.

सकाळचा गोठा

सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला प्लेझंटन नावाचं गाव आहे. आसपासच्या गावांत आपली मराठी कुटुंबं भरपूर. या गावाच्या मध्यावर, रेल्वे स्थानकाला लागून, अलामीडा काउंटीचं अडीचशे एकरांहून मोठं जत्रेचं मैदान आहे. दुपारी इथे पाय ठेवायला जागा नसते. मैदान कसं चालतं ते बघायचं तर दारं उघडायच्या आधी यावं, असं मला सांगण्यात आलं होतं.

सकाळी सातला गुरांच्या शेडमध्ये मुलांचीच लगबग होती. दहा-बारा वर्षांची एक मुलगी मेंढीला लोखंडी चौकटीवर उभी करून तिचं अंग धूत होती. आधी साबण, मग पाण्याचा फवारा, मग वाळवायला गरम हवेचा झोत. मेंढीची मान चौकटीच्या खोबणीत हलकेच अडकवलेली. धुऊन झाल्यावर तिने मेंढीच्या अंगावर घट्ट कापडी झूल चढवली, स्पर्धेच्या रिंगणात जाईपर्यंत लाकडाचा भुसा लोकरीत अडकू नये म्हणून. मग फावडं घेऊन खालचा ओला भुसा काढला, कोरडा पसरला आणि समोरची वाट झाडली. प्रत्येक कप्प्यापुढची वाट ज्याची त्याने स्वच्छ ठेवायची, हा नियम भिंतीवर लावलेला होता. पर्यवेक्षक बाई हातात वही घेऊन फिरत होत्या आणि स्वच्छतेचे गुण टिपत होत्या.

ही मुलं ‘फोर-एच’ किंवा ‘एफएफए’ या संघटनांची. कॅलिफोर्नियात फोर-एचचं काम विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागामार्फत चालतं, एफएफएचं शाळांमधल्या शेतीच्या वर्गांमार्फत. मुलं महिनोन्महिने जनावर वाढवतात, खाद्याचा हिशेब ठेवतात, जत्रेत ते दाखवतात आणि शेवटी लिलावात विकतात. जत्रेच्या उगमाशी नातं सांगणारा भाग आज एवढाच उरला आहे. १८०७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी एल्काना वॉटसन या गृहस्थाने चौकातल्या झाडाखाली दोन मेरिनो मेंढ्या लोकांना दाखवायला बांधल्या. चांगलं वाण कसं असतं ते शेतकऱ्यांनी डोळ्यांनी बघावं, हा हेतू. बघायला गर्दी जमली. काही वर्षांतच तिथे कृषी संस्था आणि पशुप्रदर्शन सुरू झालं, आणि तो प्रकार देशभर पसरला.

शेडच्या दुसऱ्या टोकाला सांगलीकडची एक ताई भेटली. तिची लेक शेळी घेऊन आलेली. “आम्ही दुधाच्या शेळ्यांच्या गटात नाव घातलंय,” तिने लगेच खुलासा केला. “मांसाच्या गटात घातलं की शेवटी लिलाव, आणि लिलावानंतर खाटीक. पोरगी म्हणाली, आई, मला ते नाही जमायचं.” एका अर्जावरच्या दोन रकान्यांत केवढा फरक असतो, याबद्दल पुढे लिहिणार आहे.

जमीन एकाची, कारभार दुसऱ्याचा

कॅलिफोर्नियात अशी पंचाहत्तरच्या आसपास मैदानं आहेत आणि त्यांच्या कारभाराचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार जिल्हा कृषी मंडळाचा. ही मंडळं राज्य सरकारची अंगं आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत. सॅन डिएगोजवळच्या डेल मारचं बाविसावं, वॉटसनव्हिलचं चौदावं, शास्टाचं सत्ताविसावं. प्रत्येकावर नऊ संचालक, राज्यपालांनी चार वर्षांसाठी नेमलेले. त्यांना पगार नाही. कुणी शेतकरी असतो, कुणी विमा एजंट, कुणी निवृत्त शिक्षिका. रोजचा कारभार पगारी मुख्याधिकारी बघतो आणि वर देखरेख राज्याच्या अन्न व कृषी खात्याची.

दुसरा प्रकार काउंटीच्या जमिनीचा. प्लेझंटनची जमीन काउंटीच्या मालकीची, पण जत्रा आणि मैदान चालवते एक ना-नफा संस्था. तिचं संचालक मंडळ मोठं, दोन डझनांच्या आसपास माणसांचं, तेही विनामोबदला. लॉस एंजेलिस काउंटीचं पोमोनाचं मैदानही असंच, मालकी काउंटीची आणि चालवणारी संस्था वेगळी.

दोन्ही प्रकारांना आपापले गुण आणि आपापली दुखणी आहेत. सरकारी मंडळाला प्रत्येक खरेदीसाठी निविदा, प्रत्येक करारासाठी नियम. छताचा एक पत्रा बदलायलासुद्धा कागद हलवावे लागतात. पण तिथली प्रत्येक चिठ्ठी नागरिकाला मागता येते. ना-नफा संस्थेचे हात मोकळे असतात. पाहुणा ठेकेदार आला की आठवड्यात करार होतो. मात्र कारभार कुणी तपासायचा, हा प्रश्न तिथे सैल पडतो. पोमोनाला २०१५ साली मुख्याधिकाऱ्याच्या अवाढव्य पगारावरून मोठा गदारोळ झाला होता. संस्था ना-नफा, जमीन लोकांची, मग एवढा पगार कुणाच्या संमतीने, असं लोक विचारू लागले. मला ही रचना समजावून देणाऱ्या एका जुन्या संचालकाने सांगितलं, “जमिनीचा मालक झोपला की भाडेकरू मालक होतो. काउंटीने दरवर्षी जागं राहायचं असतं.”

चूल कशावर पेटते

पैशाची कथा घोड्यांपासून सुरू होते. प्लेझंटनच्या मैदानात एक मैलाची धावपट्टी आहे. १८५८ साली बर्नाल घराण्यातल्या मुलांनी ती आखली, आणि अमेरिकेतली आपल्या प्रकारची सर्वांत जुनी पट्टी म्हणून ती ओळखली जाते. १९३३ साली कॅलिफोर्नियाने घोड्यांच्या शर्यतींवरचा जुगार कायदेशीर केला, तेव्हा सरकारला मिळणाऱ्या उत्पन्नातला वाटा जत्रांसाठी राखून ठेवला. दोन-तीन पिढ्या मैदानांच्या इमारती, गोठे आणि बक्षिसं या पैशावर उभी राहिली. माणसं घोड्यांवर पैसे लावायची आणि त्यातून खेड्यातल्या मुलीच्या मेंढीला छप्पर मिळायचं.

पुढे शर्यतींचा शौक ओसरला, उत्पन्न आटलं. २००९ मध्ये राज्याने त्याऐवजी सर्वसाधारण तिजोरीतून वर्षाला ३ कोटी २० लाख डॉलर द्यायची सोय केली. लगेच मंदीची झळ बसली आणि २०११ मध्ये राज्यपाल जेरी ब्राऊन यांच्या काळात ही रक्कम पूर्ण बंद झाली. मोठ्या शहरांजवळची मैदानं तगली. डोंगरातल्या, लहान वस्तीच्या काउंट्यांमध्ये माणसं कमी करावी लागली, डागडुजी पुढे ढकलावी लागली. पुढे ढकललेली डागडुजी दरवर्षी महाग होत जाते. आज गळणारं छप्पर पाच वर्षांनी वासे बदलायला लावतं.

मग एक नवा मार्ग निघाला. जुलै २०१८ पासून मैदानावर होणाऱ्या करपात्र विक्रीच्या पाऊण टक्क्याइतका विक्रीकराचा भाग जत्रांच्या खात्यात वळवला जातो. शंभर डॉलरच्या मालामागे पाऊण डॉलर. मोठी रक्कम नव्हे, पण तत्त्व योग्य आहे. मैदानावर जो व्यापार होतो, त्यातला अंश मैदानालाच मिळतो.

बाकीचं कमवायचं. जत्रेच्या दिवसांत प्रवेशाची तिकिटं, गाड्या लावायचे पैसे, पाळणेवाल्या ठेकेदाराकडून आणि खाद्यपदार्थांच्या गाळ्यांकडून विक्रीतला टक्का. त्यामुळे गल्ल्यावरचा हिशेब तपासणं हे जत्रेतलं सर्वांत गंभीर काम. शिवाय आरोग्य निरीक्षक गाळे बघतो, अग्निशमन दलाचा माणूस तंबूंमधलं अंतर मोजतो, राज्याचे निरीक्षक पाळण्यांची तपासणी करतात, पशुवैद्य जनावरं तपासतात. जानेवारी २०२५ मध्ये बर्ड फ्लूमुळे राज्याच्या पशुवैद्यकांनी दुभत्या गायी आणि कोंबड्यांच्या प्रदर्शनांवर बंदी घातली. तेव्हा कोंबड्या वाढवणाऱ्या मुलांना ती बातमी सांगायची वेळ या मैदानांच्या कर्मचाऱ्यांवरच आली.

जत्रा उठली की खरी कसोटी लागते. हॉल लग्नांना, व्यापारी प्रदर्शनांना, श्वानस्पर्धांना जातात. मेक्सिकन कुटुंबांत मुलगी पंधराची झाली की थाटाचा समारंभ करतात, त्यांची आरक्षणं वर्ष-वर्ष आधी होतात. प्लेझंटनला जुन्या मोटारींचे मेळावे भरतात, आणि ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला स्कॉटिश लोकांचे पारंपरिक खेळ होतात. फिरत्या घरांसाठी तळ आहे. एका मैदानाच्या व्यवस्थापकाने मला आरक्षणाचा तक्ता दाखवला. एकाच शनिवारी एका हॉलमध्ये चर्चचं संमेलन, शेजारी सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रदर्शन, मागच्या रिंगणात घोडेस्वारी. तिघांच्या गाड्या कुठे लावायच्या, कुणाचा कर्णा कुणाला ऐकू येईल, हे ठरवण्यात त्याचा अर्धा आठवडा गेला होता.

घोड्यांची गोष्ट मात्र संपत आली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरचं गोल्डन गेट फील्ड्स हे रेसकोर्स जून २०२४ मध्ये बंद झालं. त्या शर्यती प्लेझंटनला आणायचा प्रयत्न झाला, तो आर्थिकदृष्ट्या टिकला नाही, आणि २०२५ ची प्लेझंटनची जत्रा घोड्यांच्या शर्यतींविना भरली. आता त्या विस्तीर्ण पट्टीचं आणि तबेल्यांचं काय करायचं, हा तिथला आजचा प्रश्न आहे. सिलिकॉन व्हॅलीच्या इतक्या जवळ रिकामी जमीन दिसली की घरं बांधणारे, स्टेडियम बांधणारे, सगळेच येतात. शेजारच्या सॅन होजेमधल्या सांता क्लारा काउंटीच्या मैदानावर तर काही वर्षांपूर्वी क्रिकेट स्टेडियमचा प्रस्ताव आला होता. मागणीत गैर काहीच नाही. पण एकदा विकलेली सार्वजनिक जमीन परत मिळत नाही, हे निर्णय घेणाऱ्यांनी विसरता कामा नये.

नऊ खुर्च्या आणि एक माइक

उत्तरेकडच्या एका लहान काउंटीत मी संचालक मंडळाच्या सभेला जाऊन बसले. सभा एका प्रदर्शन हॉलमध्ये होती. घडीच्या टेबलांची रांग, नऊ खुर्च्या, समोर श्रोत्यांसाठी पन्नासेक खुर्च्या आणि मध्ये एक माइक. श्रोते आठ-दहाच.

राज्य पातळीवरच्या अशा मंडळांना बॅग्ली-कीन कायदा लागू आहे, १९६७ सालचा. सभेची कार्यसूची दहा दिवस आधी जाहीर करायची. कार्यसूचीत नसलेल्या विषयावर निर्णय घ्यायचा नाही. प्रत्येक विषयावर नागरिकाला बोलू द्यायचं. बहुसंख्य संचालकांनी सभेबाहेर, फोनवर किंवा पत्रापत्री करून, कामकाजाच्या विषयावर मत ठरवून यायचं नाही. काउंटी आणि शहरांच्या मंडळांसाठी असाच ब्राऊन कायदा आहे, तो १९५३ पासून.

त्या संध्याकाळी मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर झालं, जमाखर्च वाचला गेला. मग मैलापाण्याच्या टाकीचा विषय निघाला. टाकी जुनी, बदलायचा खर्च मोठा, आणि ती बदलेपर्यंत फिरत्या घरांचा तळ पूर्ण क्षमतेने भाड्याने देता येत नव्हता. म्हणजे टाकीला पैसे नाहीत म्हणून उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही म्हणून टाकीला पैसे नाहीत. तासभर त्यावर खल झाला. शेवटी टप्प्याटप्प्याने काम करायचा ठराव झाला, एक मत विरोधात. मग एक वृद्ध बाई माइकशी आल्या. गोधड्यांच्या स्पर्धेचं प्रवेशशुल्क वाढवल्यामुळे त्यांच्या मंडळातल्या तीन बायकांनी नाव दिलं नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं, विषय पुढच्या सभेत घेऊ म्हणाले आणि सचिवाने तो लिहून घेतला.

वर्तमानपत्राला यात बातमी मिळणार नाही. पण सार्वजनिक जागा सार्वजनिक राहते ती याच कंटाळवाण्या संध्याकाळींमुळे, असं मला तिथे बसल्यावर पटलं. हे होत नाही तिथे काय होतं, तेही नोंदलेलं आहे. २०१९ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी एका कृषी मंडळावर चौकशी अहवाल दिला. सार्वजनिक पैशाचा गैरवापर आणि कायद्यांचा भंग त्यात नमूद होता, आणि त्याच्या मुळाशी ढिसाळ कारभार होता. कारभार ढिसाळ होतो तो संचालक कागद न वाचता सह्या करतात आणि समोरच्या पन्नास खुर्च्या रिकाम्या असतात तेव्हा.

नऊशे दोन डॉलरचा बोकड

आता त्या दोन रकान्यांकडे येते. २०२२ च्या उन्हाळ्यात शास्टा काउंटीच्या जत्रेत नऊ वर्षांच्या एका मुलीने सीडर नावाचा बोकड मांसाच्या गटात लिलावासाठी दिला होता. लिलावाची वेळ आली तेव्हा तिचं मन बदललं. कुटुंबाने माघार घ्यायचा प्रयत्न केला, पण नियमाप्रमाणे या गटातलं जनावर परत घेता येत नाही, असं उत्तर मिळालं. बोली ९०२ डॉलरला सुटली. बोली लावणारे होते राज्याचे सिनेटर ब्रायन डाली. जत्रेच्या वाट्याला त्यातून येणार होते ६३ डॉलर १४ सेंट.

त्या रात्री मुलीची आई बोकडाला घेऊन गेली आणि नंतर त्याला दूर सोनोमा काउंटीत एका ठिकाणी ठेवलं. जत्रेचं जे नुकसान होईल ते भरून देते, असं तिने लेखी कळवलं. बोली लावणाऱ्याच्या कार्यालयानेही बोकड सोडून द्यायला हरकत घेतली नाही. जत्रेच्या व्यवस्थापनाने मात्र नियमावर बोट ठेवलं. अपवाद केला तर बाकीच्या मुलांना चुकीचा धडा मिळेल, ही त्यांची भूमिका. प्रकरण शेरीफकडे गेलं. त्यांची माणसं पाचशे मैलांहून जास्त प्रवास करून बोकड घेऊन आली आणि त्याला मारण्यात आलं. कुटुंबाने संघराज्य न्यायालयात दावा लावला. नोव्हेंबर २०२४ मध्ये काउंटी आणि शेरीफच्या बाजूने ३ लाख डॉलर देऊन तडजोड झाली.

या गोष्टीकडे लोक प्राणिप्रेमाच्या अंगाने बघतात. मला ती कारभाराची गोष्ट वाटते. नियम चुकीचा नव्हता. लिलावातला खरेदीदार शब्दावर पैसे लावतो, आणि शब्द मोडायची मुभा दिली तर लिलाव चालणार नाही. पण नियम चालवायला माणूस नेमतात तो याचसाठी, की नियम कुठे कामाला येतो आणि कुठे उलटतो हे त्याला कळावं. खरेदीदाराची हरकत नाही, नुकसान भरून मिळतंय, समोर नऊ वर्षांचं मूल आहे. इथे सवलत दिल्याने काय बिघडलं असतं? ज्या मंडळाला हा प्रश्न सभेत बसून, लोकांसमोर, शांतपणे सोडवता आला असता, त्याच्या नावावर पोलिसांची गाडी आणि कोर्टाचा खटला लागला. मूल जत्रेत येतं तेव्हा सरकारशी त्याची पहिली गाठ पडते. ती अशी पडू नये.

आगीच्या रात्री, आणि १९४२

८ नोव्हेंबर २०१८ रोजी उत्तर कॅलिफोर्नियात पॅराडाइज गावाला आग लागली. पंच्याऐंशी माणसं गेली, गाव बेचिराख झालं. जीव वाचवून निघालेले लोक कुठे जाणार? जवळच्या ग्रिडलीतलं ब्यूट काउंटीचं जत्रेचं मैदान माणसांचा आणि जनावरांचा आसरा झालं. चिकोच्या मैदानावर आग विझवणाऱ्यांचा तळ पडला. ऑगस्ट २०२० मध्ये सांता क्रूझच्या डोंगरातली आग पसरली, तेव्हा वॉटसनव्हिलच्या मैदानावर घोडे, शेळ्या आणि त्यांचे मालक एकत्र राहिले. जानेवारी २०२५ च्या लॉस एंजेलिसच्या आगींतही पोमोनाच्या मैदानाने जनावरांना जागा दिली. करोनाच्या काळात प्लेझंटनला लसीकरण झालं, लोक गाडीत बसून दंड पुढे करत.

हे दुसरी कुठली जागा करू शकत नाही. शाळेच्या व्यायामशाळेत माणसं झोपतील, पण घोडा कुठे बांधणार? मैदानावर गोठे आहेत, पाण्याचे नळ आहेत, मोठी स्वयंपाकघरं आहेत, शौचालयं आहेत, ट्रक वळवायला जागा आहे. घोडा घरी ठेवून यायचा तर मालक घर सोडत नाही आणि आगीत सापडतो, हा बचावपथकांचा अनुभव आहे. म्हणून मैलापाण्याच्या टाकीवरचा तो तासभराचा खल महत्त्वाचा. आगीच्या रात्री हजार माणसं येतात, तेव्हा ती टाकी धड असावी लागते.

पण याच मैदानांनी एक वेगळं वर्षही पाहिलं आहे. १९४२ मध्ये, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर, पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना घराबाहेर काढलं गेलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. अंतर्भागातल्या छावण्या बांधून होईपर्यंत त्यांना ठेवायला सरकारने जत्रेची मैदानं आणि रेसकोर्स घेतले. फ्रेस्नो, मर्सेड, स्टॉकटन, टर्लॉक, ट्युलेरी, पोमोना. काही ठिकाणी कुटुंबांना घोड्यांच्या कप्प्यांत राहावं लागलं. ज्या गुणांमुळे ही मैदानं आपत्तीत आसरा होतात, ते कुंपण, ते गोठे, ती मोठी जागा, त्याच गुणांमुळे ती तेव्हा तुरुंग झाली. मैदान स्वतः चांगलं किंवा वाईट नसतं. ते कुणाच्या हाती आहे आणि त्याला जाब विचारणारं कुणी आहे का, यावर सगळं ठरतं.

नाही कधी म्हणायचं

सर्वांची जागा म्हटलं की भाड्याने मागणाऱ्याला नाही म्हणता येतं का? डेल मारच्या मैदानावर वर्षानुवर्षं बंदुकांचं प्रदर्शन भरत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये संचालक मंडळाने ते पुढच्या वर्षापासून थांबवायचा ठराव केला. आयोजक कोर्टात गेले. सरकारी जागेत एका मताच्या लोकांना येऊ द्यायचं आणि दुसऱ्यांना नाही, हे घटनेत बसत नाही, असा त्यांचा दावा होता. २०१९ मध्ये कोर्टाने प्रदर्शन पुन्हा भरू द्यायचा आदेश दिला. त्याच वर्षी विधिमंडळाने डेल मारच्या मैदानावर बंदुका आणि काडतुसांच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा केला. पुढे तशी बंदी राज्याच्या सगळ्या मालमत्तांवर आली. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती ग्राह्य धरली. विक्री थांबवणं म्हणजे बोलणं थांबवणं नव्हे, हे त्यामागचं तत्त्व.

नऊ बिनपगारी संचालकांनी एका ठरावाने सुरू केलेली गोष्ट सहा वर्षं चालली. कोण बरोबर, यावर त्या काउंटीत आजही दोन तट आहेत. पण वाद उघड झाला, कागदावर झाला, आणि ज्याला पटलं नाही त्याला दाद मागता आली.

आपल्याकडे

महाराष्ट्रातली एक जत्रा मला या सगळ्यात सारखी आठवत होती. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा. घोडे, गाढवं, उंट, कुत्री यांचा तिथला बाजार प्रसिद्ध आहे, आणि पशुप्रदर्शन, कृषी प्रदर्शन, लोककला महोत्सव या गोष्टी तिथे जिल्हा परिषद भरवते. म्हणजे आपल्याकडेही जिल्ह्याची जत्रा आहे आणि ती जिल्ह्याचंच सरकार सांभाळतं. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा प्रश्न तर प्लेझंटनच्या धावपट्टीचाच भाऊ आहे. २११ एकर सार्वजनिक जमीन, २०१३ मध्ये संपलेला भाडेपट्टा, आणि २०२४ मध्ये झालेला निर्णय की ९१ एकर क्लबकडे राहावी आणि १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी यावी.

आपल्या तालुक्याच्या गावी यात्रेचं मैदान असतं, बाजारतळ असतो, जिल्हा परिषदेचं पटांगण असतं. वर्षातून चार दिवस ते गजबजतं. उरलेल्या दिवसांत त्याच्या एका कडेला कुणीतरी पत्र्याचं शेड टाकतं, दुसऱ्या कडेला वाळूचे ढीग येतात, आणि दहा वर्षांनी आपण म्हणतो, इथे पूर्वी केवढं मैदान होतं. मैदान एका दिवसात जात नाही. उतारा कुणी बघितला नाही, भाडं कुणाच्या खात्यात गेलं ते कुणी विचारलं नाही, ठरावाची प्रत कुणी मागितली नाही, म्हणून ते इंचाइंचाने जातं.

कॅलिफोर्नियाच्या मैदानांवरही चुका होतात, आणि त्यातल्या मोठ्या मी वर लिहिल्या आहेत. पण तिथे सभेची तारीख ठरलेली असते, कार्यसूची दहा दिवस आधी लागते आणि खोलीच्या मध्यावर एक माइक असतो. आपल्याकडेही ग्रामसभा आहे, माहितीचा अधिकार आहे. साधनं कमी नाहीत. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती: या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात तर तुमच्या मैदानाचा सातबारा काढा, त्याचा कारभार कुणाकडे आहे ते विचारा आणि पुढच्या ग्रामसभेला जाऊन बसा. विषय मैलापाण्याचा निघाला तरी उठून जाऊ नका.